तुम्ही अठराचे होता, तो दहाचा

कोल्हापुरातल्या एका वर्कशॉप मालकांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

वय ६१. मूळ गाव आजरा तालुक्यात, वडील मुंबईत गिरणी कामगार. मंगळवार पेठेत आत्याकडे राहून आयटीआयला टर्नर झाले, उद्यमनगरात नोकरी केली आणि १९९१ मध्ये वडिलोपार्जित तीस गुंठे तारण ठेवून पहिला लेथ घेतला. आज स्वतःची शेड आहे, चौदा कामगार आहेत. धाकटा भाऊ ५३ वर्षांचा. त्यानं सातवीनंतर शाळा सोडली आणि तीसेक वर्षं तो इचलकरंजीत यंत्रमागावर आहे. राहायला नदीकडच्या सखल भागात भाड्याची खोली. बायकोच्या नावावर तीन फायनान्स कंपन्यांची गटकर्जं, शिवाय सावकाराचे साठ हजार. पत्रात लिहिलंय, ‘थोरल्या मुलीच्या लग्नात तीन लाख उडवले, पूर ओसरल्यावर हप्त्यावर टीव्ही आणला, पगार झाला की क्वार्टर ठरलेली. आणि आता माझ्याकडं दोन लाख मागतोय.’ पत्रलेखकांची मुलगी शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करते. तिचं म्हणणं, काका गरीब राहिला तो व्यवस्थेमुळं. त्यावर वडिलांचं उत्तर: ‘व्यवस्था मलाही तीच होती. एकाच आईच्या पोटचे आम्ही. मी कष्ट केले, त्यानं नाद केले.’ दोन महिने घरात यावरून धुसफूस चालू आहे. त्यांनी विचारलंय, माणूस गरिबी स्वतःच्या हातानं ओढवून घेतो की नाही, ते एकदा स्पष्ट सांगा. आणि पैसे द्यावेत का, तेही सांगा.

नमस्कार आण्णा,

भाऊ तुम्हाला याच नावानं हाक मारतो असं पत्रात दिसलं, म्हणून मीही तेच वापरते.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. ते लिहून तुम्ही लगेच पुढं गेलात, मी मात्र तिथंच अडकले. ‘ब्याऐंशीच्या संपात बाबांची गिरणी सुटली, तेव्हा माझं आयटीआयचं शेवटचं वर्ष होतं.’

१८ जानेवारी १९८२ ला तो संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य परत कधी आत गेलेच नाहीत. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या आपल्या डोंगराकडच्या तालुक्यांत त्या काळी गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर किती चुली पेटत होत्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वर्षी तुम्ही अठराचे होता. तुमची फी भरून झाली होती, आत्याच्या घरी दोन वेळचं ताट होतं, हातात हुन्नर आलं होतं. पुढच्याच वर्षी तुम्ही पगार घ्यायला लागलात. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. पोस्टमन दारावरून पुढं जायला लागला ते त्याच्या पाचवीत, आणि सातवी संपताना शाळा सुटली. तुम्ही लिहिता, ‘त्याला शिकायची आवडच नव्हती.’ असेलही. पण तेरा वर्षांच्या पोराला आवड आहे की नाही, हे तपासत बसण्याइतकी उसंत तेव्हा त्या घरात कुणाला होती का?

एकाच आईच्या पोटचे तुम्ही, हे खरं. पण तुम्ही मनिऑर्डर येणाऱ्या घरात वाढलात आणि तो मनिऑर्डर बंद झालेल्या घरात. म्हणून ‘व्यवस्था मलाही तीच होती’ हे तुमचं वाक्य मला मान्य करता येत नाही.

यानं तुमचे कष्ट कमी होत नाहीत. दिवसा नोकरी आणि रात्री दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉब, अशी आठ वर्षं काढणारा माणूस फुकट वर येत नाही. तुमच्या मुलीलाही मी हेच सांगेन, आणि आणखी एक सांगेन. काकाचं सगळंच व्यवस्थेवर टाकलं तर काका स्वतः काही ठरवू शकणारा माणूस आहे, हेच आपण नाकारतो. शनिवारची क्वार्टर कुठल्याही कारखानदारानं त्याच्या हातात दिलेली नाही. त्याच इचलकरंजीत, त्याच पगारात, न पिणारे आणि पोरांना शिकवणारे कामगार आहेत. त्यांना न मोजता बोलणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पण तुम्ही भावाच्या चुका मोजल्यात, तशा तुमच्याही एकदा मोजून बघू. पत्रात तुम्हीच लिहिलंय की ऐन मंदीत १९९८ ला कर्ज काढून सीएनसी मशीन घेतलं, ऑर्डर आटल्या आणि चौदा महिने हप्ते थकले. ही चूक तुमच्या भावाच्या टीव्हीपेक्षा कितीतरी मोठी होती. मग काय झालं? बँकेनं हप्ते पुढं ढकलून कर्ज नव्यानं बांधून दिलं. सासऱ्यांनी मदत केली, वहिनींचे दागिने गहाण पडले आणि तीन वर्षांनी सुटले. ‘पण सावरलो’ एवढंच तुम्ही लिहिलंत. सावरलात, कारण सावरायला माणसं होती, दागिने होते आणि बँक तुम्हाला उद्योजक समजत होती. तुमच्या भावजयीचा एक हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायका दारात येऊन बसतात, कारण त्यांच्याच खिशातून तो भरून घेतला जातो. तिथं कर्ज नव्यानं बांधून कोण देणार?

चुका दोघांनीही केल्या. तुमची चूक फिटायला तीन वर्षं लागली. त्याच्या चुका फिटेनात.

मी एका पतसंस्थेच्या कर्जखात्यात बावीस वर्षं काम केलं, त्यामुळं आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. सावकाराचे साठ हजार शेकडा पाच टक्क्यांनी आहेत, असं तुम्ही लिहिलंय. हे पाच टक्के महिन्याचे असतात. म्हणजे महिन्याला तीन हजार रुपये नुसतं व्याज. वीस महिन्यांत साठ हजार देऊन झाले तरी मुद्दल जागच्या जागी. तेच साठ हजार तुम्ही बँकेतून अकरा टक्क्यांनी उचललेत, तर महिन्याचं व्याज साडेपाचशे. रुपया तोच, शहरं शेजारशेजारची, भाऊ सख्खे. फरक एवढाच की तुमच्याकडं तारण आहे, त्याच्याकडं नाही. ज्याच्याकडं कमी त्याला पैसा महाग. यात त्याची निवड कुठं आली, मला सापडत नाही.

आता तो टीव्ही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा नदीकडच्या खोल्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. घरातलं जे होतं ते चिखलात गेलं. त्यातून उठतायत तोवर मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि माग थांबले. मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा माग थांबला की मजुरी थांबते, भरपगारी रजा हा शब्द तिथं नाही. मग जुलै २०२१ ला पुन्हा पूर. दोन वर्षांत तीन तडाखे. टीव्ही हप्त्यावर घ्यायला नको होता, हे मला मान्य आहे. पण गादी, कपाट, शेगडी हेही त्यांनी पुन्हा घेतलं असणार. लोकांच्या तोंडी मात्र फक्त टीव्ही राहतो. गरिबाच्या घरातली एकच वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांत भरते.

मीही हेच केलंय. वीटभट्टीवरच्या एका कामगाराचा पंधरा हजारांचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. कारण लिहिलं होतं, बहिणीच्या मुलीचं लग्न. मी ‘अनावश्यक खर्च’ असा शेरा मारून तो परत केला. मामानं द्यायचा आहेर त्याला चुकवता येत नव्हता, म्हणून त्यानं ते पैसे सावकाराकडून उचलले. वर्षभरात त्याची हातगाडी गेली, ज्यावर तो पावसाळ्यात भाजी विकायचा. लग्न माझ्या शेऱ्यामुळं थांबलं नाही, फक्त महाग झालं. तो शेरा माझ्या अक्षरात अजून डोळ्यांसमोर येतो.

तुमच्या पुतणीच्या लग्नातले तीन लाख मला याच जागी ठेवून बघावेसे वाटतात. तुमच्या मुलाचं लग्न आठशे पानांचं झालं, असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. ते झालं त्यानंतर दीड वर्षानं त्याच भावकीत, त्याच पाहुण्यांसमोर त्याला मुलगी उजवायची होती. रजिस्टर लग्न करून वीस माणसांना जेवण घातलं असतं, तर शहाणपण केलं असं किती जण म्हणाले असते आणि बिचाऱ्याला जमलं नाही असं किती जण म्हणाले असते? थोरल्यानं आधी साधं केलं असतं, तर धाकट्याला साधं करायची मोकळीक मिळाली असती. हे बोलताना मला जड जातंय, पण तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात.

एक अभ्यास तुमच्या मुलीला माहीत असेल, कारण तिच्या विषयातला आहे. सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. तेच शेतकरी दोनदा बसवले. एकदा तोडणीआधी, हात तंग असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. तोडणीआधी त्यांची कामगिरी लक्षात येण्याइतकी कमी भरली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस तोच, डोकं तेच. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा खाते आणि उरलेल्या जागेत पुढचा विचार मावत नाही. उसाचं बिल लांबलं की गावात काय वातावरण असतं हे पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे पटायला वेळ लागू नये. तुमच्या भावाला सोमवारी एक हप्ता, बुधवारी दुसरा, महिनाअखेरीस सावकार. चुकीच्या निर्णयांमुळं ओढाताण झाली आणि ओढाताणीमुळं निर्णय आणखी चुकत गेले. कोंबडी आधी की अंडं, हे शोधत दोन महिने घरात भांडण्यात काय हाशील?

आपल्या गावानं या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिलंय, असं मला मनापासून वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. १९०२ ला मागासवर्गीयांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि जे आईबाप पोराला शाळेत धाडणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. या दंडाकडं आपण फारसं बघत नाही. शाळाच नसेल तर बापाला बोल लावण्यात अर्थ नाही, हे महाराजांना कळत होतं, म्हणून त्यांनी आधी शाळा काढली. शाळा असून पोर घरी राहिलं तर बापाला जाब विचारायलाही ते कचरले नाहीत. क्रम महत्त्वाचा आहे. आधी दार उघडलं, मग विचारलं की आत का आला नाहीस.

तुमच्या भावापुढं १९८५ साली कुठलं दार उघडं होतं, याचा विचार करा आणि मग त्याला जाब विचारा. जाब विचारूच नका असं मी म्हणत नाही.

आणि व्यवस्था म्हटलं की आपल्याला दिल्ली-मुंबई आठवते. तुमच्या शेडमध्ये चौदा माणसं आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो आणि त्यावर कामगाराच्या कुटुंबाचा दवाखाना होतो. तुमच्या सगळ्या माणसांची नावं त्यात आहेत का? की काही जण ठेकेदाराचे म्हणून बाहेर? पत्रात याचा उल्लेख नाही, त्यामुळं मी आरोप करत नाही. पण भावजयीच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचे ऐंशी हजार हे त्या सावकारी कर्जाचं मूळ आहे, हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या भावाच्या मालकानं असे टक्के भरले असते तर हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं. तुमच्या शेडमधल्या कुणाच्या थोरल्या भावाला उद्या असं पत्र लिहायला लागू नये, ही व्यवस्था तुमच्या हातात आहे.

आता पैशाचं. द्या. पण दोन लाख त्याच्या हातात ठेवू नका. तो नालायक आहे म्हणून नव्हे. हातात आलेली रक्कम चार देणेकऱ्यांत वाटली जाते, प्रत्येकाचं थोडं तोंड बंद होतं आणि सहा महिन्यांत सगळी पुन्हा दारात उभी राहतात. हे मी शेकडो खात्यांत पाहिलंय.

एखाद्या रविवारी त्याच्या घरी जा. त्याला शेडवर किंवा तुमच्या हॉलमध्ये बोलावू नका. भावजयीकडून वही मागा. बहुतेक घरांत हप्त्यांचा खरा हिशेब बाईकडं असतो. कुणाचे किती, व्याज काय, किती उरले, सगळं एका पानावर उतरवा. मुलीला सोबत न्या, वही तिला लिहू दे. व्यवस्थेबद्दल ती जे शिकते ते तिला त्या पानावर दिसेल, आणि क्वार्टरचा खर्चही दिसेल.

पहिलं सावकाराचं मिटवा. तुम्ही स्वतः जा, मुद्दल चुकतं करा आणि त्यानं ठेवून घेतलेले दोन कोरे चेक परत घेतल्याशिवाय उठू नका. पैसे मिळाल्याचं लिहून घ्या. आधी परवाना विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करता येते. परवाना असला तरी महिना पाच टक्के हा दर कायद्यात कुठंच बसत नाही. एवढं शांतपणे बोललात तरी बऱ्याचदा आकडा खाली येतो.

फायनान्सच्या तीन कर्जांपैकी सगळ्यात लहान एक बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणं असं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं नवं कर्जही कंपनीनं द्यायचं नसतं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे, धमकी आणि शिवीगाळ तर नाहीच नाही. भावजयीला हे माहीत असू दे. जुनं फेडायला नवं उचलायचं नाही, एवढी एकच अट मी तुमच्या जागी घातली असती.

दवाखान्याचं पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यांचं रेशनकार्ड आणि आधार घेऊन आयुष्मान कार्ड काढून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कुठलं ऑपरेशन त्यात बसतं आणि कुठल्या दवाखान्यात, हे दाखल होण्याआधी विचारायचं. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात योजनेच्या खिडकीवर उभं राहिलं की कळतं. २० रुपयांचा सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा, त्याच्या बँक खात्याला जोडून द्या. वर्षाला वीस रुपयांत काम होतं.

धाकटी पुतणी बारावी सायन्सला आहे आणि बी.फार्म. म्हणते, हे वाचून मला सगळ्यात जास्त उमेद वाटली. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, डोमिसाइल ही जोडणी आत्तापासून करा. ऐन जूनमध्ये तहसील कचेरीत रांगा लागतात. तिच्या राहण्या-जेवणाचा खर्च तुम्ही उचला. तुम्हाला मंगळवार पेठेत आत्याचं घर होतं, तिला तुमचं असू दे.

दारूबद्दल त्याच्याशी बोला, पण एकटे असताना आणि पैशाचा विषय नसताना. पैसे देता देता दिलेला उपदेश माणूस पैशाबरोबर गिळतो आणि विसरतो. आठवड्याला एक क्वार्टर आहे की रोजची सवय लागली आहे, हे आधी समजून घ्या. दुसरं असेल तर तो आजार आहे, डॉक्टर लागेल.

दिलेली रक्कम परत हवी की नको, हे देण्याआधी तुम्ही आणि वहिनी मिळून ठरवा. त्यांचे दागिने एकदा तुमच्यासाठी गहाण पडलेत, त्यामुळं त्यांचा शब्द यात तुमच्याइतकाच मोठा आहे. परत नको असेल तर तसं भावाला सांगून टाका. मनात उधारी आणि तोंडात मदत ठेवलीत तर प्रत्येक दिवाळीला ते पैसे तुमच्या दोघांच्या मध्ये बसतील.

जायच्या आधी १९९१ च्या कर्जाचे कागद काढा. तीस गुंठे वडिलोपार्जित होते. तारण ठेवताना ‘सगळ्यांच्या सह्या झाल्या’, असं तुम्ही लिहिलंय. त्या वर्षी तुमचा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. त्याची सही कुठल्या पानावर आहे ते बघा आणि तो कागद सोबत घेऊन जा.

सावकाराकडचे दोन्ही चेक परत आले की मला कळवा.